दूध-दुभत्याशिवायचा स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले तीन प्रश्न मात्र आधी वाचा. पुढची बरीच उत्तरं तुम्ही दूध कशासाठी सोडताय यावर बदलतात.

दूध बंद म्हणजे नेमकं काय काय बंद?

दूध, साय, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, खवा, चक्का, खरवस, मिल्क पावडर, आणि यांतलं काहीही घालून केलेला पदार्थ. गायीचं, म्हशीचं, शेळीचं सगळं यात आलं. अंडी यात येत नाहीत. दुकानात ती दुधाशेजारी ठेवलेली असतात म्हणून हा गोंधळ होतो. नारळाचं दूध, सोयाचं दूध, कोको बटर, पीनट बटर यांच्या नावात दूध-लोणी असलं तरी ती वनस्पतीचीच आहेत. लेबलवरचं लॅक्टिक ॲसिडसुद्धा बहुतेक वेळा साखर किंवा स्टार्च आंबवून काढलेलं असतं.

दूध प्यायलं की पोट फुगतं. मग तूप आणि ताकही सोडायचं का?

बहुधा नाही. पण आधी निदान हवं, कारण ‘दूध चालत नाही’ यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक म्हणजे लॅक्टोज न पचणं. लॅक्टोज ही दुधातली साखर, १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम. ती फोडणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य आतड्यात कमी पडलं की गॅस, मुरडा, जुलाब होतात. हा त्रास प्रमाणावर ठरतो. अशी बरीच माणसं जेवणासोबत थोडं दूध सोसू शकतात. विरजलेल्या दह्यात लॅक्टोज कमी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर काही आठवडे दूध पचेनासं होतं तेही याच प्रकारातलं, आणि ते बहुतेक वेळा आपोआप निवळतं.

दुसरी म्हणजे दुधातल्या प्रथिनांची, केसिन आणि व्हे यांची, ॲलर्जी. इथे गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी, धाप लागणं असे प्रकार होतात आणि अगदी थोड्या दुधानेही जिवावर बेतू शकतं. तुपात प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून ॲलर्जी असलेल्यांना तूपही बंद. ‘थोडंसं चालतं’ हा नियम त्यांना लागू नाही.

खाली ‘ॲलर्जी असेल तर’ असं लिहिलं आहे ते या दुसऱ्या गटासाठी. नैतिक किंवा धार्मिक कारणाने दूध सोडणाऱ्यांनीही तेच काटेकोर उत्तर धरावं.

ए-टू (देशी गायींचं म्हणून विकलं जाणारं) दूध, शेळीचं दूध, लॅक्टोज-फ्री दूध चालेल का?

ॲलर्जी असेल तर तिन्ही नकोत. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर त्यांनाही तशीच प्रतिक्रिया देतं. लॅक्टोज पचत नसेल तर लॅक्टोज-फ्री दूध चालतं, कारण त्यातली साखर आधीच फोडलेली असते. म्हणून ते किंचित गोडही लागतं. ए-टू दुधात लॅक्टोज नेहमीइतकंच असतं.

दूध नाही तर कॅल्शियम कुठून मिळणार?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि काळजी रास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एकाच पदार्थाने ते भरत नाही, ताटात चार ठिकाणांहून यावं लागतं.

नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. दोन मध्यम भाकऱ्यांना सत्तरेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे अडीचशेच्या आसपास मिळालं. बाळांसाठी करतात ते वस्त्रगाळ सत्व पचायला हलकं असतं, पण नाचणीचं बरंच कॅल्शियम कोंड्यात असतं आणि गाळताना कोंड्यासोबत जातं. मोठ्यांनी अख्ख्या नाचणीचं पीठच वापरावं. मोड आणून वाळवून दळलं तर शोषण सुधारतं.

तीळ सालासकट घ्या. दोन मोठे चमचे तिळांतून पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. वाण्याकडच्या पांढऱ्याशुभ्र पॉलिश तिळांत त्याचा लहानसा हिस्साच उरतो. मंद आचेवर भाजून कूट करून ठेवा. अख्खे तीळ न चावता गिळले तर तसेच बाहेर पडतात.

पालेभाज्यांत शेवग्याचा पाला उत्तम. पालकात कॅल्शियम आहे, पण पालकातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, म्हणून हिशेबात पालक धरू नका. मासे खाणाऱ्यांनी काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे आणि सुकट-जवळा यांना आठवड्यात जागा द्यावी. बाजारचं सोया दूध घेत असाल तर कॅल्शियम घातलेलं घ्या आणि पाकीट दर वेळी हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.

गोळी घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारून, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

आणि प्रथिनं, बी-१२?

प्रथिनांचा प्रश्न सोपा आहे. पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात, तेवढी पेलाभर सोया दुधातून किंवा मूठभर शेंगदाण्यांतून मिळतात. बदामाच्या बाजारी दुधात मात्र पेल्याला एखादा ग्रॅमच असतं आणि नारळाच्या दुधाकडून प्रथिनांची अपेक्षा ठेवूच नये.

बी-१२ हलक्यात घेऊ नका. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच येतं. दूधही गेलं, अंडी-मासेही नाहीत, तर पूरक गोळी लागतेच. हे जीवनसत्त्व इडलीच्या आंबवण्यातून किंवा मोडांतून भरून निघत नाही. वर्षातून एकदा रक्त तपासा.

चहा कसा करायचा? सोयाचं दूध घातलं की फाटतं.

सोयाची प्रथिनं आम्ल आणि उष्णता एकत्र आल्यावर गोळा होतात. चहा आम्लधर्मी असतो, आणि आपण तो खळखळ उकळतो. उपाय क्रमात आहे: पाणी, साखर, किसलेलं आलं, गवती चहा उकळा, पूड घाला, दोन मिनिटं उकळून गाळा. सोया दूध वेगळ्या भांड्यात वाफ येईपर्यंतच गरम करा. कपात आधी दूध, मग त्यावर बारीक धारेने चहा. दूध घातल्यावर पुन्हा उकळू नका.

ओटचं दूध फाटत नाही, पण उकळलं की स्टार्चमुळे बुळबुळीत होतं. घरी करायचं तर अर्धी वाटी ओट आणि दोन वाट्या थंडगार पाणी मिक्सरमध्ये वीस-तीस सेकंदच फिरवा आणि न पिळता गाळा. पिळलं की चिकट झालंच.

आमचं मत विचाराल तर गवती चहा, आलं आणि किंचित गूळ घातलेला कोरा चहा कुठल्याही पर्यायी दुधाच्या चहापेक्षा चांगला लागतो. ऑफिसातल्या मशीनचा चहा बंद करा, त्या मिश्रणात मिल्क पावडर असते.

दही लावता येईल का?

येतं. शेंगदाण्याचं दही मराठी जेवणात सर्वांत चांगलं मुरतं. (शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हीच कृती काजूने करा.)

एक वाटी शेंगदाणे सहा-आठ तास भिजवा, चोळून सालं काढा. अडीच वाट्या पाण्यात गंधासारखं बारीक वाटून पंचातून घट्ट पिळा. हे दूध जाड बुडाच्या भांड्यात, सतत ढवळत, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. ही पायरी गाळली की दह्याला कच्च्या दाण्यांचा वास येतो, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झाल्यावर विरजण घाला.

विरजण म्हणून हिरव्या मिरचीची आठ-दहा ताजी, धुतलेली देठं बुडवा. पहिलं दही पातळ आणि चवीला बेताचं होतं. त्यातलाच एक चमचा पुढच्या खेपेला वापरला की दुसरं चांगलं घट्ट लागतं. लॅक्टोजचाच त्रास असेल तर साध्या दह्याचं चमचाभर विरजण चालून जातं, ॲलर्जी असेल तर नाही.

मुंबईच्या मे महिन्यात सहा तासांत लागतं, रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबट होऊन पाणी सुटतं. पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीत दहा-बारा तास धरा. वर पाणी सुटलं तर ढवळून घ्या, पण गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून द्या.

कोशिंबिरीला या दह्याची गरजही नाही. खमंग काकडीला कधीच दही नव्हतं: दाण्याचं कूट, लिंबू, ओला नारळ आणि जिरं-मिरचीची फोडणी. तीच पद्धत गाजर, बीट, मुळा सगळ्यांना लागू पडते. फोडणीला तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल घ्या.

नारळाचं दूध घातलं की आमटी फुटते. काय चुकतं?

तीनपैकी एक: आच मोठी असते, आंबट आधी पडलेलं असतं, किंवा घट्ट दूध सुरुवातीलाच घातलेलं असतं.

एका नारळाच्या चवात एक वाटी गरम पाणी घालून वाटा आणि पिळा, हे घट्ट दूध. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटलं की पातळ दूध. भाजी किंवा मासे पातळ दुधात शिजवा. घट्ट दूध शेवटी, आच अगदी मंद करून घाला, एकाच दिशेने ढवळत राहा आणि कडेला पहिले बुडबुडे दिसताच गॅस बंद करा. झाकण लगेच ठेवू नका.

सोलकढी तापवायचीच नाही. आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, ते पाणी थंड झाल्यावर दुधात घाला. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, चव घेऊनच वरून मीठ घाला. फ्रिजमध्ये वर लोण्यासारखा थर जमला तर ती नारळाची चरबी आहे, खराबी नव्हे. मुंबईच्या हवेत सोलकढी दोन-तीन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

पनीरच्या आणि क्रीमच्या भाज्यांचं काय?

पनीरऐवजी घट्ट टोफू. तो थेट रश्शात टाकला की फिका लागतो, कारण त्याच्या आत पाणी भरलेलं असतं. फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं वजनाखाली ठेवा, तुकडे करून पंधरा मिनिटं गरम मिठाच्या पाण्यात बुडवा, पुसून तेलावर सोनेरी करा आणि मग रश्शात सोडा. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट आहे का ते बघा. ते घालून घट्ट केलेल्या टोफूतून कॅल्शियमही मिळतं.

क्रीमऐवजी चौघांच्या भाजीला दहा-बारा काजू गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून अर्ध्या वाटी पाण्यात वाटा. काजू महाग वाटत असतील तर मगज घ्या. पेस्ट पडल्यावर तळ लागतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं ढवळत राहा. खरं सांगायचं तर रोजच्या जेवणात याची वेळ यायलाच नको. भरली वांगी, झुणका, मसूर-वालाच्या उसळी, आळूचं फदफदं, मासळीचं कालवण यांत दूध कधी नव्हतंच. नक्कल केलेल्या पदार्थांच्या मागे लागणारी घरं थकतात. या ताटाकडे वळलेल्यांचं निभतं.

तुपाऐवजी काय? बेसनाचे लाडू बसतात.

फोडणीला आणि भाकरीला शेंगदाण्याचं तेल, गोडाला वास नसलेलं खाण्याचं खोबरेल. वरणभातावर तुपाऐवजी लिंबू आणि चमचाभर ताजं शेंगदाण्याचं तेल घालून बघा.

लाडू बसतात त्याचं कारण हवामान. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं आणि मुंबईत वर्षातला बहुतेक काळ घरातलं तापमान त्याच्या वर असतं. तुपाच्या प्रमाणात खोबरेल घातलं तर लाडू तासाभरात पसरतात. दोन वाट्या जाडसर बेसनाला अर्ध्या वाटीपेक्षा थोडंच जास्त खोबरेल घ्या. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, बेसन सैल होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजा. दुधाचा हबका मारतात त्या जागी दोन चमचे पाणी शिंपडा, फसफसून पीठ कणीदार होतं. पूर्ण गार झाल्यावर एक वाटी पिठीसाखर आणि दोन चमचे बारीक दाण्याचं कूट मिसळून मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वळा. लाडू फ्रिजमध्येच ठेवा.

फराळाच्या डब्यात बाहेर ठेवायचे असतील तर निम्मं वनस्पती तूप घालावं लागतं. २०२२ पासून त्यातल्या ट्रान्सफॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी ते दिवाळीपुरतंच असू द्या. करंजीच्या साठ्यालाही तेच, कारण तेलाचा साठा फेसून फुलत नाही. चकलीला कडकडीत तेलाचं मोहन पुरतं.

सणावाराला काय करायचं?

उकडीचे मोदक: एक वाटी पाणी, एक वाटी तांदळाची पिठी, चिमूट मीठ आणि तुपाऐवजी चमचाभर खोबरेल. उकडीत दूध घालणाऱ्यांनी त्याऐवजी नारळाचं पातळ दूध घालावं. वर तूप सोडण्याऐवजी घट्ट नारळाचा रस.

पुरणपोळीला कणीक तेलात मळा, तेलावरच भाजा आणि सोबत नारळाचा रस द्या: घट्ट दूध, चिरलेला गूळ, वेलची, कणभर मीठ, न तापवता. कोकणात शिरवाळे आणि घावन याच रसात बुडवून खातात, तेव्हा हा पर्याय उसना आणलेला नाही.

श्रीखंडाची बरोबरी मात्र काहीच करत नाही. काजूचं दही टांगून केलेलं बरं लागतं, इतकंच. पाडव्याला हापूस आला असेल तर आमरस-पुरी करा.

प्रसाद आणि तीर्थ नाकारायचं कसं?

पंचामृतात दूध, दही, तूप तिन्ही असतात, आणि सत्यनारायणाचा शिरा तुपातलाच. ॲलर्जी असेल तर थेंबही नको. तीर्थ हातावर घेऊन डोळ्यांना लावा, प्रसाद सोबतच्या माणसाला द्या आणि हात धुवा. यजमानांना आधी सांगितलं तर नारळाचा तुकडा, केळं किंवा साखरफुटाणे मिळतात, आणि कोणाच्या मनाला लागत नाही. मुलांना हे आधी शिकवून ठेवा. गणपतीत चाळीतल्या दहा घरांत जाणाऱ्या मुलाच्या हातावर प्रत्येक जण प्रेमाने पेढाच ठेवतो.

उपवासाला दूध-दह्याशिवाय काय?

वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हे पोटभरीचं जेवण आहे. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या तेलात करा. कुठलं तेल उपवासाला चालतं याची रीत घराघरांत वेगळी, तेवढं घरातल्या मोठ्यांना विचारा.

पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे चालेल ना?

नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच धरलं जातं. तुम्हाला हवं ते एफएसएसएआयचं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या पदार्थाचं, चिन्ह: चौकोनात हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांची यादी वाचा आणि तिच्याजवळची ॲलर्जीची सूचना बघा. दूध असल्यास तसं छापणं बंधनकारक आहे.

यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, सोडियम केसिनेट, बटर ऑइल, लॅक्टोज ही नावं शोधा. बिस्किटं, मसाला चिप्स, सूपची पाकिटं, तयार पिठं यांत ती हमखास लपलेली असतात. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या केकच्या क्रीममध्येही पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं एवढंच, दुधाची पावडर बहुतेकांत असते. कंपन्या घटक बदलतात, म्हणून ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचा.

मुंबईत बाहेर काय खाता येतं?

वडापाव हा सर्वांत सोपा पर्याय, फक्त पावाची खात्री करा. साध्या लादीपावात मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर, थोडं तेल असतं, पण काही बेकऱ्या दूध पावडर घालतात किंवा वरून बटर फिरवतात. पाणीपुरी, शेवपुरी, भेळ ठीक, दहीपुरी नाही. साधी मिसळही चालते. पावभाजी बटरशिवाय करून मिळते, पण तवा दिवसभर बटरचाच असतो, म्हणून ॲलर्जी असेल तर नको.

उडप्याकडे इडली, मेदूवडा, आणि ‘तेलावर घाला’ असं सांगून साधा डोसा. चटणीत दही घातलंय का ते विचारा. उपमा आणि रस्सम तुपाच्या फोडणीचे असू शकतात. मालवणी-गोमंतकी खानावळीत सर्वांत मोकळेपणी जेवता येतं: तळलेली मासळी, तिसऱ्या, वडे, तांदळाची भाकरी. पंजाबी हॉटेलात नानच्या पिठात दूध किंवा दही असतं, तंदुरी पदार्थ दह्यात मुरवलेले असतात आणि बिर्याणीतही दही-तूप. तिथे बटर न लावलेली तंदुरी रोटी आणि तेलाच्या फोडणीची डाळ घ्या.

‘दूध नको’ एवढंच सांगू नका, वेटरच्या लेखी तूप आणि बटर त्यात येत नाही. ‘दूध, दही, तूप, बटर, पनीर, मलई काहीच नको’ असं एकेक नाव घ्या. जैन जेवण मागवून हा प्रश्न सुटत नाही. त्यात कांदा-लसूण नसतो, दूध असतं.

बाळाला गायीचं दूध सोसत नाही. बदामाचं किंवा नारळाचं देऊ का?

एक वर्षाखालच्या बाळाला नको. घरचं किंवा बाजारचं कुठलंही वनस्पती दूध आईच्या दुधाची किंवा फॉर्म्युल्याची जागा घेऊ शकत नाही, बाळाची वाढ खुंटते. बालरोगतज्ज्ञ प्रथिनं फोडलेला खास फॉर्म्युला सुचवतात. आईचं दूध चालू असेल तर ते थांबवू नका. आईने स्वतःचं दूध बंद करायचं का, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, पण ‘आता चालतं का बघू’ ही परीक्षा घरी करू नये.

औषधांतही दूध असतं का?

अनेक गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज वापरतात, होमिओपॅथीच्या चपट्या गोळ्या तर बहुधा लॅक्टोजच्याच असतात. मात्रा इतकी लहान असते की लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना त्रास होत नाही. दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर दम्याच्या पावडरच्या इन्हेलरबद्दल डॉक्टरांना नक्की सांगा, कारण त्यातल्या लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो. मात्र चालू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका.